लढाई संपल्यावर शिपायाचे काय होते?

आमच्या सेक्शनवर जबलपूरहून इटारसीकडे जाताना एक फाटक लागते. तेथील गेटमन सांगली जिल्ह्यातला आहे. सतरा वर्षे सैन्यात काढून तो हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि माजी सैनिकांच्या राखीव जागेतून रेल्वेत लागला. पूर्वी जिला चतुर्थ श्रेणी म्हणत, त्या श्रेणीत. फाटकाची केबिन त्याने पलटणीच्या बराकीसारखी लख्ख ठेवली आहे. झेंड्या, हातदिवा, फटाक्यांचा डबा, रजिस्टर, सगळे जागच्या जागी. तपासणीला गेलो की मी त्याला ‘हवालदारसाहेब’ म्हणतो आणि तो मला ‘साहेब’ म्हणतो. मराठी बोलायला मिळते म्हणून माझी तपासणी त्या फाटकावर जरा लांबतेच.

एकदा चहा पिताना मी सहज विचारले, “सैन्यातून घरी आल्यावर बरं वाटलं असेल नाही?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “साहेब, पलटणीत सकाळी उठल्यावर काय करायचं ते ठरलेलं असायचं. घरी आलो, पहिले चार दिवस पाव्हणे-रावळे, सत्कार, जेवणं. सोमवारी सकाळी अंगोळ करून अंगणात उभा राहिलो आणि आता कुठं जायचं तेच कळंना.”

त्या वेळी त्याचे वय होते अडतीस. घरी दोन मुले, म्हातारे आईवडील आणि वाटणीला आलेली दीड एकर कोरडवाहू जमीन. पेन्शन होती, पण अडतिसाव्या वर्षी घरी बसायचे कसे?

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. रूळ, स्लीपर आणि गिट्टी यांत वीसहून अधिक वर्षे घालवलेला एक साधा डिप्लोमा इंजिनिअर आहे. पण वाचनाची आवड आहे. लढाई कशी जिंकली यावर पुस्तकांचे ढीग सापडतात. लढाई संपल्यावर शिपायाचे काय झाले, हे मात्र शोधावे लागते. शोधताना जे हाती लागले, त्यातले थोडे वाचकांपुढे ठेवतो. त्यातला मोठा भाग अमेरिकेचा आहे, कारण या बाबतीत एका देशाने आधी मोठी चूक केली आणि नंतर ती सुधारली, असे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे आढळले नाही.

साठ डॉलर आणि घरचे तिकीट

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. अमेरिकेच्या शिपायाला निरोप देताना सरकारने काय दिले? साठ डॉलर आणि घरापर्यंतचे रेल्वेचे तिकीट. तो फ्रान्सच्या चिखलात खंदक खणत असताना गावाकडे कारखान्यात राहिलेल्यांनी चांगला पगार कमावला होता. ‘आमचे झालेले नुकसान भरून द्या’ अशी मागणी सुरू झाली. अखेर १९२४ साली राष्ट्राध्यक्ष कूलिज यांचा नकाराधिकार डावलून संसदेने कायदा केला. देशात केलेल्या नोकरीचा दिवसाला एक डॉलर आणि परदेशातील नोकरीचा सव्वा डॉलर, असा हिशेब ठरला. मात्र मोठ्या रकमा लगेच रोख मिळणार नव्हत्या. हाती आले प्रमाणपत्र, आणि त्याचे पैसे मिळणार १९४५ साली!

१९२९ साली शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. कारखाने बंद पडले, बँका बुडाल्या. घरात धान्य नाही आणि पेटीत मात्र सरकारी प्रमाणपत्र आहे, अशी हजारो माजी सैनिकांची अवस्था झाली. १९४५ पर्यंत जगलो तर पैसे मिळणार! ते पैसे आताच द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

१९३२ च्या मे महिन्यात पश्चिम किनाऱ्यावरील पोर्टलंड शहरातून सुमारे तीनशे माजी सैनिक राजधानी वॉशिंग्टनकडे निघाले. त्यांचा पुढारी होता वॉल्टर वॉटर्स नावाचा, नोकरी गेलेला माजी सार्जंट. तिकिटाला पैसे कोणाकडे होते? मंडळी मालगाड्यांच्या डब्यांत चढून निघाली. ईस्ट सेंट लुईसजवळ बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने त्यांना न्यायचे नाकारले, तेव्हा त्यांनी डब्यांची कपलिंगे सोडवली आणि रुळांना साबण फासला. रेल्वेवाल्याला हे वाचून हसूही येते आणि कौतुकही वाटते. लोखंडी चाक लोखंडी रुळावर पुढे जाते ते केवळ दोघांतल्या घर्षणामुळे. म्हणून तर चढावर चाक घसरू लागले की आम्ही रुळावर वाळू सोडतो. या शिपायांनी बरोबर उलटे केले. शेवटी त्या राज्यांच्या प्रशासनाने त्यांना ट्रकमध्ये बसवून आपल्या हद्दीबाहेर पोचवून दिले.

बातमी वर्तमानपत्रांतून पसरली आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माजी सैनिक निघाले. जूनपर्यंत वॉशिंग्टनमध्ये पंधरा-वीस हजार माजी सैनिक जमले. कित्येकांनी बायकामुलेही बरोबर आणली होती. अॅनाकोस्टिया नदीकाठच्या पाणथळ मैदानावर पत्रे, खोकी आणि जुनी लाकडे यांच्या झोपड्यांची वसाहत उभी राहिली. तिला रस्ते होते, पहारे होते, सकाळची हजेरी होती. सैन्यात गोरे आणि काळे यांच्या तुकड्या वेगळ्या असत, पण या झोपडपट्टीत दोघे शेजारी शेजारी राहत होते. लोक या जमावाला ‘बोनस आर्मी’ म्हणू लागले.

१५ जूनला कनिष्ठ सभागृहाने पैसे ताबडतोब देण्याचे विधेयक मंजूर केले. १७ जूनला सिनेटने ते ६२ विरुद्ध १८ मतांनी फेटाळले. काही लोक घरी परतले, बरेचसे राहिले. जायला घर तरी कुठे उरले होते? २८ जुलै रोजी त्यांना हटवण्याचा हुकूम निघाला. पोलिसांशी झटापट झाली, गोळी सुटली आणि त्यात दोन माजी सैनिक प्राणाला मुकले. संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी सैन्य पाठवले. घोडदळ, संगिनी लावलेले पायदळ, अश्रुधूर आणि सहा रणगाडे. सेनापती होते डग्लस मॅकआर्थर, त्यांच्यासोबत मेजर आयझेनहॉवर आणि घोडदळात मेजर पॅटन. तिघेही पुढे दुसऱ्या महायुद्धात जगप्रसिद्ध झाले. त्या रात्री अॅनाकोस्टियाची वसाहत पेटली आणि फ्रान्समध्ये देशासाठी लढलेले लोक आपल्याच देशाच्या सैन्यापुढे पोरे कडेवर घेऊन पळाले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत हूवर हरले. मंदी हे त्याचे मोठे कारण, पण ते जळते तंबूही लोक विसरले नव्हते.

वादळातली गाडी

नवे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट हेही बोनसच्या बाजूचे नव्हते. त्यांनी माजी सैनिकांना पैशांऐवजी काम देऊ केले. त्यातल्या काहींना फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवर महामार्गाच्या बांधकामावर पाठवण्यात आले. राहायला समुद्रसपाटीपासून हातभर उंचीवर तंबू आणि तकलादू झोपड्या.

२ सप्टेंबर १९३५ रोजी अमेरिकेच्या इतिहासातले एक अतिशय भीषण वादळ त्या बेटांवर धडकले. कामगारांना हलवण्यासाठी मायामीहून फ्लॉरिडा ईस्ट कोस्ट रेल्वेची गाडी मागवली होती. पण ती मागवायलाच उशीर झाला आणि निघाल्यावर वाटेतही उशीर होत गेला. रात्री आठच्या सुमारास गाडी इस्लामोराडा स्थानकाजवळ पोचली आणि त्याच वेळी समुद्राची प्रचंड लाट बेटावर चढली. सगळे डबे रुळांवरून फेकले गेले. शंभर टनांहून जड असलेले वाफेचे इंजिन तेवढे रुळांवर उभे राहिले.

त्या वादळात चारशेहून अधिक माणसे मेली. त्यांत अडीचशेहून अधिक माजी सैनिक होते. समुद्रावरून गेलेला तो लोहमार्ग पुन्हा कधीच सुरू झाला नाही. जवळच्या की वेस्ट गावात राहणारे लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे मदतीला गेले होते. तेथे जे पाहिले, त्यावर त्यांनी सरकारला जाब विचारणारा संतप्त लेख लिहिला.

रेल्वेत आम्हाला अपघाताची चौकशी करताना एक गोष्ट शिकवतात. अपघात क्वचितच एका चुकीमुळे होतो. एकामागून एक अशा छोट्या चुकांची साखळी जुळते आणि मग डबा घसरतो. साठ डॉलर, एकवीस वर्षांनी वटणारे प्रमाणपत्र, जळालेले तंबू, उशिरा निघालेली गाडी, ही तशीच साखळी होती. १९३६ च्या जानेवारीत संसदेने रूझवेल्ट यांचाही नकाराधिकार डावलला आणि बोनसचे पैसे एकदाचे दिले गेले.

हॉटेलच्या कागदावर लिहिलेला कायदा

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे १ कोटी ६० लाख लोक सैन्यात घेतले. ते परत आल्यावर काय होणार, ही धास्ती १९४३ पासूनच सर्वांना होती. ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेने पुढाकार घेतला. कॅन्सस राज्यातले वकील हॅरी कोल्मेरी हे तिचे माजी अध्यक्ष. त्यांनी वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलातील खोलीत बसून हॉटेलच्याच कागदांवर कायद्याचा मसुदा हाताने लिहून काढला.

दोन्ही सभागृहांत तो एकमुखाने मंजूर झाला. पण दोन मसुद्यांचा मेळ घालणाऱ्या समितीत घोडे अडले. मिसिसिपीचे प्रतिनिधी जॉन रँकिन यांचा बेकारभत्त्याला विरोध होता. काळ्या माणसाला घरबसल्या पैसे मिळतील, ही त्यांची खरी पोटदुखी. समितीत कनिष्ठ सभागृहाची मते तीन-तीन अशी विभागली गेली. सातवे सभासद जॉन गिब्सन आजारपणामुळे जॉर्जियातल्या आपल्या गावी होते. ९ जूनच्या रात्री त्यांचा शोध सुरू झाला. दूरध्वनी केंद्रे, पोलीस, सगळे कामाला लागले. ते सापडले तेव्हा त्यांना मोटारीने जॅक्सनव्हिलला आणि तेथून विमानाने वॉशिंग्टनला आणण्यात आले. १० जूनच्या सकाळी त्यांनी मत दिले आणि कायदा वाचला. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरल्यावर सोळा दिवसांनी, २२ जून १९४४ रोजी रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली. हाच तो ‘जी. आय. बिल’ नावाने गाजलेला कायदा. जी. आय. म्हणजे बोलीभाषेत साधा शिपाई.

यात काय होते? किमान ९० दिवस नोकरी केलेल्या शिपायाला, नोकरीच्या काळानुसार एक ते चार वर्षे शिक्षण. फी आणि पुस्तकांसाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत रक्कम थेट संस्थेला. त्या काळी एवढ्यात हार्वर्डचीही फी भागत असे. शिवाय खाण्याराहण्यासाठी अविवाहिताला महिना ५० डॉलर आणि कुटुंब असलेल्याला ७५, पुढे ही रक्कम वाढली. घर, शेती किंवा धंद्यासाठीच्या कर्जाला सरकारची हमी. आणि काम मिळेपर्यंत आठवड्याला २० डॉलर, जास्तीत जास्त ५२ आठवडे.

शहाण्यासुरत्या लोकांनी नाके मुरडली. शिपाई वर्षभर बसून खातील, असे कोणी म्हणाले. शिकागो आणि हार्वर्ड विद्यापीठांच्या अध्यक्षांना शिक्षणाचा दर्जा घसरण्याची भीती वाटली. घडले उलटेच. बेकारभत्त्यासाठी राखलेल्या रकमेतले वीस टक्केही पैसे खर्च झाले नाहीत. माणसे कामाला लागली, शिकायला गेली. १९४७ साली अमेरिकेतील कॉलेजांत शिकणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. वसतिगृहे पुरेनात म्हणून सैन्याच्याच अर्धगोल पत्र्याच्या बराकी आणून उभ्या केल्या. तेथे बायको, तान्हे मूल आणि गणिताचे पुस्तक यांच्यासह संसार थाटले गेले. हार्वर्डच्या अध्यक्षांना पुढे कबूल करावे लागले की इतके प्रौढ आणि होतकरू विद्यार्थी त्यांच्या विद्यापीठाने कधी पाहिले नव्हते.

१९५६ साली योजना संपली तोपर्यंत ७८ लाख माजी सैनिकांनी शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतले होते. त्यांतले कॉलेजात गेले २२ लाख. म्हणजे बहुसंख्य लोक तंत्रशाळांत, कारखान्यातल्या उमेदवारीवर आणि शेतीच्या प्रशिक्षणाला गेले. डिप्लोमावाला म्हणून मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कायद्याने शिपायाला असे सांगितले नाही की तू अमुकच हो. वेल्डर हो, डॉक्टर हो, शेतकरी हो, तुझी निवड तू कर, शिकेपर्यंतचा खर्च आमच्याकडे लागला, असे सांगितले.

या कायद्याची काळी बाजूही सांगायला हवी. अंमलबजावणी स्थानिक अधिकारी आणि बँकांच्या हाती राहिली. मिसिसिपीत १९४७ साली सरकारी हमीवर दिलेल्या ३,२२९ कर्जांपैकी काळ्या माजी सैनिकांना मिळाली फक्त दोन. गोळी अंगावर घेताना रंग कोणी विचारला नव्हता. भत्त्यावर डोळा ठेवून निघालेल्या बनावट शाळाही पुष्कळ झाल्या. कागदावर कायदा कितीही चांगला असला, तरी खिडकीपलीकडे कोण बसला आहे यावर बरेच अवलंबून असते. हे आपल्याला काही नवीन नाही.

आपल्याकडे

आपल्याकडची परंपरा वेगळी. इंग्रजांच्या काळात पंजाबातल्या कालव्यांच्या वसाहतींत माजी सैनिकांना जमिनी दिल्या जात. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या जवानांना हातचे काम शिकवण्यासाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरी तांत्रिक शाळा सुरू झाली. ती पुढे पुण्याजवळ खडकीला गेली आणि तिने शंभरी ओलांडली आहे. हात किंवा पाय गमावलेल्या माणसाला दयेपेक्षा कसबाची गरज असते, हे ज्यांना इतक्या आधी सुचले त्यांना नमस्कारच केला पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ पासून ७ डिसेंबरला आपण सशस्त्र सेना ध्वजदिन पाळतो. शाळेत खिशाला लावलेला तो छोटा झेंडा अनेकांना आठवत असेल. १९७९ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांसाठी क वर्गात १० टक्के आणि ड वर्गात २० टक्के जागा राखीव ठेवल्या गेल्या. वयाच्या अटीत सैन्यातली वर्षे आणि वर आणखी तीन वर्षे सूट मिळते. २००३ साली माजी सैनिकांची आरोग्य योजना आली, २००४ साली संरक्षण मंत्रालयात त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग झाला. ‘समान पद, समान पेन्शन’ ही कित्येक वर्षांची मागणी २०१५ साली मान्य होऊन १ जुलै २०१४ पासून लागू झाली. तेव्हा काही केले गेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल.

तरीही राखीव जागा पूर्ण भरल्या जात नाहीत, ही तक्रार संसदेतही अनेकदा मांडली गेली आहे. आणि माझ्या मते एक मूळ फरक राहतोच. आपण शिपायाला मुख्यतः जागा देतो. जी असेल ती. फाटकावरची, एटीएमच्या दारातली, गोदामाच्या पहाऱ्यावरची. निवृत्तीपूर्वी काही आठवड्यांचे अभ्यासक्रम असतात, पण दोन-तीन वर्षे पोटाची चिंता न करता नवे काही शिकायची संधी क्वचितच मिळते. आमचे हवालदारसाहेब सैन्यात वायरलेस सेट दुरुस्त करत. बर्फात, मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी सोल्डरिंग केले आहे. रेल्वेत ते फाटक उघडतात आणि बंद करतात. ते कामही जबाबदारीचेच, एका चुकीत माणसे मरतात. पण सतरा वर्षांचे कसब रोज फाटकाबाहेर उभे राहते, त्याचे काय?

हा प्रश्न आता आणखी जवळ आला आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत बहुसंख्य तरुण चार वर्षांनी परतणार आहेत. पंचवीस टक्क्यांपर्यंत सैन्यात राहतील. बाकीच्यांना सेवानिधीचे सुमारे पावणेबारा लाख रुपये मिळतील, पेन्शन नाही. काही दलांत राखीव जागा जाहीर झाल्या आहेत. योजना बरी की वाईट हे ठरवण्याचा माझा अधिकार नाही. एवढेच म्हणतो की बावीस-पंचवीस वर्षांचा, शिस्तीत घडलेला मुलगा घरी येतो, तेव्हा ते शिकायचे वय असते. त्या रकमेचे ट्रॅक्टर आणि लग्न यांत काय होईल, हे आपण सगळे जाणतो. त्याला पैशांबरोबर वर्गातले बाक कोणी देईल का?

सरकारने काय करावे हे सरकार ठरवील. आपणही थोडे करू शकतो. आपल्या मंडळात प्राध्यापक आहेत, बँकेतले लोक आहेत, कारखान्यांत अधिकारी आहेत. शेजारचा एखादा जवान निवृत्त होऊन आला की हार-नारळ देऊन आपण मोकळे होतो. त्याऐवजी पुढच्या सोमवारी त्याच्याकडे जाऊन ‘आता काय शिकायचा विचार आहे?’ एवढे विचारले तरी पुष्कळ.

मी विचारले. हवालदारसाहेब आधी लाजले, मग म्हणाले, “चाळिशी झाली साहेब, आता डोक्यात शिरंल का?” मी त्यांना अमेरिकेतल्या पत्र्याच्या बराकीत गणित शिकणाऱ्या बापांची गोष्ट सांगितली आणि माझी पॉलिटेक्निकची इलेक्ट्रिकलची जुनी पुस्तके नेऊन दिली. सिग्नल विभागात जाण्यासाठी खात्याची परीक्षा असते, तिची तयारी ते करत आहेत. ड्यूटी संपली की दहावीतली मुलगी त्यांना बीजगणित शिकवते. परवा भेटलो तेव्हा वर्गसमीकरणे अडली होती. पुढच्या रविवारी मी जाणार आहे.